धर्माच्या खिशातला काळा पाहुणा

दचकू नका, मित्रांनो. मी एक जुनं पिस्तूल आहे, पण माझ्या पोटात आता काडतूस नाही. ते काढून घेतलं त्याला बरीच वर्षं झाली. वसईच्या पोलीस ठाण्यामागे एक खोली आहे, तिला मालखाना म्हणतात. तिथल्या लोखंडी कपाटात, गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवून मी पडून आहे. माझ्या शेजारी एक गंजलेली तलवार आहे आणि खालच्या फळीवर लांब बंदुका. त्या सारख्या कुरकुरतात, आम्हाला कोणी विचारत नाही म्हणून. मी कुरकुरत नाही. मला इथे गाढ झोप लागते. आयुष्यभर जी लागली नाही ती झोप. ती कशी मिळाली, तेच सांगतो.

दिसायला मी तुमच्या कंपासपेटीपेक्षा लहान. मोठ्या माणसाने मूठ मिटली की जवळजवळ दिसेनासा होतो. माझं काडतूस भुईमुगाच्या शेंगेएवढं. सातासमुद्रांपलीकडच्या कारखान्यात मला घडवलं, तेव्हा घडवणाऱ्यांच्या मनात एवढंच होतं की मी खिशात राहावं आणि कोणाच्या नजरेत येऊ नये. म्हणून त्यांनी माझी नळी आखूड ठेवली, स्प्रिंग बारीक ठेवली, आणि आतली सुई तर दाभणापेक्षाही नाजूक केली. चाप ओढला की ती सुई पुढे झेपावते, काडतुसाच्या बुडाला टोचते आणि गोळी सुटते. पण यंत्र जितकं लहान तितकं त्याचं दुखणं मोठं. मोठ्या बंदुकीत वाळूचा कण गेला तर ती शिंकल्यासारखी करते आणि पुढे चालते. माझ्यात गेला तर माझा घास घशातच अडकतो.

मुंबईतल्या एका परवान्याच्या दुकानात मी काचेआड कितीतरी वर्षं बसून होतो. मोठी पिस्तुलं विकली जायची. मला हातावर घेऊन गिऱ्हाइकं हसायची, आणि पुन्हा काचेआड ठेवून द्यायची. एक दिवस मात्र एक उन्हाने रापलेला, रुंद पंजाचा माणूस आला. त्याच्या नखांत चिखल होता, काळा आणि खारा. मला त्याने तळहातावर तोललं आणि दुकानदाराला विचारलं, हे खिशात राहतं का? दुकानदार म्हणाला, राहतं की. बस्स. त्याने दुसरं काही विचारलं नाही. मी चालतो का, कुठवर चालतो, अडतो का, काही नाही. त्याला वाटलं, जवळ असणं म्हणजेच भरवसा.

तो माणूस म्हणजे धर्मा. वसईजवळच्या जूचंद्र गावचा.

मित्रांनो, धर्माला माझी गरज का पडली ते आधी समजून घ्या. जूचंद्रला खाडीकाठी त्याची वडिलोपार्जित खारजमीन होती. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात, आणि मधे मातीचा उंच बांध. बांधाला एक लाकडी फळीचं दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडून शेतातलं जादा पाणी बाहेर सोडायचं, भरतीला मिटून खाडी बाहेर ठेवायची. त्या बांधावर सगळं अवलंबून. खारं पाणी एकदा आत शिरलं की उभं पीक तर जातंच, जमीनही रुसते. पुढचे दोन-तीन पावसाळे तिची मिठाची चव काढण्यातच जातात.

त्या काळात आजूबाजूला इमारती उगवायला लागल्या होत्या. भात उगवावं तशा, पण भातासारख्या कापणीला न येणाऱ्या. एक जमीन-दलाल धर्माच्या बांधावर येऊन उभा राहायचा. शेत विकत घेण्याच्या गोष्टी करायचा. धर्मा नाही म्हणायचा. एकदा निघता निघता तो दलाल खाडीकडे बघून म्हणाला, "धर्माशेठ, उधाणाचा काय भरवसा?" आणि त्याच अमावास्येला बांध फुटला. पाणी आत आलं, पीक गेलं. जिथे फुटला तिथली माती वाहून गेली, तेव्हा कसा फुटला हे सांगायला पुरावाच राहिला नाही. गावातली जाणती माणसं म्हणाली, चिंबोऱ्यांनी बिळं केली असतील, खेकड्यांच्या बिळाने मोठमोठे बांध गेलेत. धर्माने ऐकलं नाही. त्याच्या मनात एकच चित्र बसलं, की कोणीतरी फावडं घेऊन आलं आणि बांध कापून गेलं. त्याने हत्याराच्या परवान्यासाठी अर्ज केला. पोलिसांनी घरी येऊन चौकशी केली. पुष्कळ हेलपाटे झाले, आणि शेवटी परवाना आला. परवान्याच्या मागोमाग मी आलो.

घरात तीन माणसं होती. धर्मा, त्याची बायको जिजा, आणि धाकटा भाऊ कल्पेश. कल्पेश टेंपो चालवायचा, सगळ्यांची थट्टा करायचा आणि धर्माला दादूस म्हणायचा. मला पहिल्यांदा पाहून तो म्हणाला, की लोकांकडे अल्सेशियन असतो, आपण उंदराचं पिल्लू आणलं. जिजा हसली नाही. तिने मला लांबूनच पाहिलं. जूचंद्रच्या बायकांच्या बोटांत रांगोळी असते, ठाऊक असेल तुम्हाला. जिजाच्या चिमटीतून रांगोळी सुटायची ती पाण्याच्या धारेसारखी, अखंड. दाराशी ती मोर काढायची तर कोंबडीसुद्धा वळसा घालून जायची. त्या नक्षीच्या घरात मी काळा, गप्प आणि थंड. जिजाने माझं नाव ठेवलं, काळा पाहुणा.

एका ओहोटीला दोघे भाऊ मला घेऊन खाडीच्या चिखलात गेले, माझी परीक्षा बघायला. समोर चिखलाचा उतार होता, त्याच्या पायथ्याशी कल्पेशने एक करवंटी उपडी ठेवली. धर्माने मला दोन्ही हातांत धरलं. त्याच्या पंजात माझी मूठ हरवूनच गेली, एक बोट कुठे ठेवावं ते त्याला कळेना. पहिली गोळी सुटली आणि करवंटीपासून होडीभर अंतरावर चिखलात रुतली. दुसरी त्याहून लांब गेली. तिसऱ्या वेळी माझ्या घशात रिकामं टरफल आडवं बसलं आणि मी मुका झालो. धर्मा मला खटखट आपटत होता. कल्पेशने कमरेची गोफण सोडली, एक खडा घातला, डोक्याभोवती फिरवून सोडला, आणि करवंटीचे दोन तुकडे झाले.

"दादूस," तो म्हणाला, "याला खिशान ठेव, नि मना शेतावर ठेव."

दोघे हसत हसत घरी आले. ते हसणं मी खिशातून ऐकलं. मित्रांनो, त्या वेळी मला लाज वाटली होती. आज वाटतं, त्या एका वाक्यात सगळं शहाणपण होतं. माझ्यासारखं खिशातलं हत्यार विकत घेणाऱ्याला वाटतं आपण धीर विकत घेतला. खरं तर तो एक नाजूक यंत्र विकत घेतो, ज्याला रोज पुसावं लागतं, तेल द्यावं लागतं, कोरडं ठेवावं लागतं आणि शिवाय घरातल्या प्रत्येक हातापासून लपवावं लागतं.

धर्माला हे कुठे जमणार? तो शेतकरी माणूस. त्याच्या खिशात माझ्या सोबतीला तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि टाळ्याची किल्ली. तंबाखूची भुकटी माझ्या नळीत शिरली. घामाने माझ्या पाठीवर गंजाचे ठिपके उमटले. खाडीचा वारा तर लोखंडाचा जन्माचा वैरी. आणि सगळ्यात मोठी गंमत ऐका. खिशात राहतं म्हणून त्याने मला आणलं, पण गुडघाभर चिखलात उतरणारा माणूस खिसा घालतो कुठे? धर्मा कामाला लागला की सदरा काढून बांधावरच्या भेंडीच्या उंच झाडाला अडकवायचा. मी सदऱ्यात, सदरा झाडावर, धर्मा शेताच्या पार पलीकडच्या टोकाला. त्याची राखण करायला आणलेला मी फांदीवर झोके घेत बसायचो, आणि कावळे माझ्यावर घाण करायचे.

तरी तो मला सोडायचा नाही. शेत राखणारा एकटा आपणच, हे त्याच्या मनाने घेतलं होतं.

आणि मग तो खरंच एकटा पडला. झालं असं, की कल्पेश एक दिवस त्या दलालाला घरी चहाला घेऊन आला. रस्त्यात भेटला, टेंपोत बसला, घरापर्यंत आला, म्हणून. धर्मा शेतावरून परतला तर त्याच्या ओटीवर तो माणूस बशीतून चहा पीत बसलेला. दलाल गेल्यावर दोघा भावांत असं काही वाजलं की जिजाने कानांवर हात ठेवले. धर्मा म्हणाला, तू विकला गेलास. कल्पेश म्हणाला, ऐकून घेतलं म्हणजे विकलं नव्हे. पण तो शब्द त्याला लागला. आठवडाभरात त्याने गाव सोडून बोळिंजला भाड्याची खोली घेतली. तेव्हापासून दोघांचा अबोला.

आमच्याकडचा अबोला म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना कळायचं नाही. नुसतं न बोलणं म्हणजे अबोला नव्हे. तो व्रतासारखा पाळतात. समोरासमोर आले तर नजर पायाकडे. एकाच लग्नाला गेले तर वेगळ्या पंगतीला. आणि मुख्य म्हणजे, एकाने हाक मारली तर दुसऱ्याने ओ द्यायची नाही. ज्याने आधी ओ दिली तो हरला. दोघेही एकाच आईच्या दुधावर वाढलेले. हरणार कोण?

जिजा अंगण सारवताना गुणगुणायची, तेव्हा मी सदऱ्यासकट भिंतीवरच्या खुंटीला असायचो. तिचा आवाज बारीक, पण आत उतरणारा.

"खाडीचं पानी गो, आयलंय उधान,
पाठचा भाऊस नाय, शेताला कुनाची राखन."

धर्मा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

त्या वर्षांत निवडणुका सारख्या यायच्या. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तेव्हा धर्मा मला फडक्यात गुंडाळून वसईला आणायचा, आणि नथू हवालदार मला या कपाटात ठेवायचा. निकाल लागले की परत. मी इकडे असताना जिजाला शांत झोप लागायची. मला नेण्या-आणण्याचा धर्माला कंटाळा यायचा, पण ती म्हणायची, निवडणूक दर महिन्याला का घेत नाहीत?

नव्व्याण्णव साली असाच मी जमा झालो, आणि दसऱ्याच्या तोंडावर घरी परतलो. त्या वर्षी भात असं आलं होतं की लोंब्यांच्या भाराने बांधाकडे झुकलं होतं. कापणी आठवड्यावर आलेली. घरातलं धान्य, बियाणं, पुढचं सगळं वर्ष त्या शेतात उभं होतं.

दसऱ्याला घरोघर हत्यारांची पूजा होते. जिजाने कोयता, विळा, फावडं, पहार, सगळं ओटीवर काढलं. राखेने घासलं, पाण्याने धुतलं, खोबरेल लावलं. मग धर्माकडे हात पुढे केला. म्हणाली, पाहुण्यालाही आणा, सणाला त्याला वगळू कसं? धर्माने माझ्या पोटातली काडतुसं काढली आणि मला तिच्या हाती दिलं. तो आंघोळीला गेला.

आणि मित्रांनो, जिजाने मलाही कोयत्यासारखंच घासलं. राखेने. मग तांब्याभर पाणी ओतलं. मग खोबरेल, वरून, खालून, जिथे जिथे फट दिसली तिथे. बिचारीने कोणाचंच अंग कोरडं ठेवलं नाही. पिस्तूल असं धूत नाहीत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारा आंघोळ करत होता. तिने ओटीवर रांगोळीचं मोठं कमळ काढलं. पाकळ्या गुलाबी, कडा पांढऱ्या, गाभा पिवळा. भोवतीने कोयता-विळा मांडला आणि बरोबर गाभ्यात, त्या पिवळ्या रांगोळीवर, मला निजवलं. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर अक्षता, वर झेंडूचं फूल. ओल्या तेलकट अंगाला रांगोळी अशी चिकटली जशी ओल्या पायाला रेती.

इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. लोक मला घेऊन दुसऱ्याकडे मागतात, माझ्याकडे नाही. जिजाने हात जोडले आणि हलक्या आवाजात मला गाऊन सांगितलं,

"काल्या रं पाव्हन्या, तुला लावते मी कुंकू,
माझे घरच्या कुनाचं रगत नको शिंपू."

आंघोळ करून आलेल्या धर्माने मला उचललं आणि कपाळाला आठ्या घालून पुसायला फडकं घेतलं. जिजाने फडकं ओढून घेतलं. सणाचं कुंकू पुसायचं नसतं, अपशकुन होतो, दिवाळीपर्यंत तसंच राहू दे, ती म्हणाली. पुढ्यात देव, आणि बायको डोळ्यांत पाणी आणून उभी. धर्माने फडकं सोडलं. काडतुसं भरली, एक नळीत चढवलं, आणि मला खिशात टाकलं. तेव्हा तेल ओलं होतं, म्हणून सगळं सुरळीत सरकलं. नळीत काडतूस ठेवून हिंडणं हा शुद्ध वेडेपणा, पण धर्माची झोप उडाली होती. कापणीच्या तोंडावर कोजागिरीचं उधाण येणार होतं. बांध कापणारा येईल तर तेव्हाच येईल, असं त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

दसरा ते कोजागिरी, मी खिशात होतो. राख, रांगोळी, हळद, कुंकू, खोबरेल आणि खारा वारा. माझ्या आत या सगळ्याचं हळूहळू लिंपण होत गेलं. माझी सुई जिथून झेपावते ती बारीक वाट बुजत गेली. मला ते कळत होतं. बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो.

कोजागिरीच्या संध्याकाळी खाडीला ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, चिखल उघडा पडलेला. भरती पुढे रात्री यायची होती, वर्षातली मोठी. जिजा घरी दूध आटवत होती. धर्मा बांधाकडे निघाला. समोरून चंद्र उगवत होता, मोठा, तांबूस, पिकल्या भाताच्या रंगाचा. आणि त्या चंद्रासमोर बांधावर एक माणूस वाकलेला होता. त्याच्या हातात फावडं होतं. ते वर जात होतं, खाली येत होतं.

धर्माचे पाय जागीच थांबले. इतकी वर्षं जे चित्र त्याच्या डोळ्यांत होतं तेच समोर उभं होतं. त्याचं काळीज मला सदऱ्यातून ऐकू येत होतं, ढोलासारखं. त्याने मला बाहेर काढलं.

"कोन हाय रं तिकडं?"

वाकलेल्या माणसाचं फावडं क्षणभर थांबलं. त्याने ऐकलं होतं. पण तो बोलला नाही. फावडं पुन्हा चालू झालं.

"नाव सांग, नायतर मारीन."

पाठमोरी आकृती चिखल ओढतच राहिली.

मित्रांनो, ती वेळ मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. मागे वर्षभराचं भात, पुढे काळी आकृती, आणि धर्माचं बोट माझ्या चापावर. चिखलात करवंटी चुकली होती, पण इथे अंतर फार थोडं होतं. माझ्यासारखं पिस्तूलसुद्धा एवढ्या जवळून चुकत नाही. बोट आवळलं. चाप मागे आला. माझी सुई निघाली.

आणि वाटेतच रुतली. रांगोळीत, राखेत, जिजाच्या कुंकवात. काडतुसाच्या बुडाशी ती पोचली ती दमलेल्या माणसाने दाराला हात लावावा तशी. टोचलं नाहीच. फक्त एक मऊ टक असा आवाज झाला, कवडी पडल्यासारखा.

धर्माने मला पुन्हा सज्ज करायला वरची पट्टी मागे ओढली. ती अर्ध्यावर करकरली आणि अडकून बसली. त्याने दात खाऊन ओढली. माझ्या फटीतून पिवळी रांगोळी त्याच्या मनगटावर सांडली. तेवढ्यात ती आकृती वळली, आणि चंद्राचा उजेड तिच्या तोंडावर पडला.

कल्पेश होता.

गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळाला चिखल, काखेत पेंढ्याचा भारा. त्याने आधी भावाकडे पाहिलं, मग भावाच्या हातातल्या माझ्याकडे. खाडीत कुठेतरी बगळा ओरडला. मग कल्पेश बोलला. अबोला त्याने मोडला. तो हरला म्हणा, नाहीतर दोघेही वाचले म्हणा.

"दादूस, ते खिशान ठेव नि चिखल दे इकडं. चिंबोरीनं बांध पोखरलाय. रातीला पानी चढंल."

धर्मा हलेना. कल्पेशने पायाने दाखवलं. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला हात जाईल एवढं बीळ होतं, त्यातून गढूळ ओल पाझरत आतल्या भातापर्यंत आली होती. टेंपो घेऊन रस्त्याने जाताना त्याला ती ओल दिसली होती. घरी जाऊन सांगायचं तर अबोला आडवा. म्हणून तो एकटाच फावडं घेऊन उतरला होता. हाक त्याने ओळखली होती, भावाचीच हाक ती. पण ओ द्यायची नाही, हे व्रत. मारीन म्हणाला तरी मागे बघायचं नाही, कारण आपला दादूस आपल्याला मारील हे त्याच्या मनालाच शिवलं नव्हतं.

धर्मा मटकन चिखलात बसला. मी त्याच्या हातातून निसटलो आणि चिखलात पडलो. कल्पेश जवळ आला, त्याने मला उचललं, नळी खाडीकडे ठेवून मॅगझिन काढलं. मला बाजूच्या दगडावर ठेवलं, तोंड पाण्याकडे करून. मग भावाच्या शेजारी बसला, आणि आवाज होता तसाच ठेवायचा प्रयत्न करत म्हणाला, "करवंटी कधी गावली नाय तुला. नि मी बरा गावलो असतो."

धर्मा हसायला गेला आणि रडायला लागला. मोठा, रुंद पंजाचा माणूस, लहान मुलासारखा. कल्पेशने त्याला थोडा वेळ रडू दिलं. मग त्याच्या हातात फावडं दिलं.

पुढे दोघे एक शब्दही बोलले नाहीत, पण तो अबोला नव्हता. एक चिखल काढत होता, दुसरा पेंढा कोंबत होता. एक थापत होता, दुसरा तुडवत होता. लहानपणापासून एकत्र बांध घातलेली माणसं ती, एकाचा हात थांबायच्या आधी दुसऱ्याचा पुढे येत होता. मी दगडावरून बघत होतो. माझ्यावर चांदणं पडलं होतं, आणि माझ्या अंगावरची रांगोळी त्यात चमकत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला मी सुंदर वाटलो.

उशीर का झाला म्हणून जिजा दुधाची किटली घेऊन बांधावर आली. दोघे भाऊ एका चिखलात बघून ती जागीच थबकली. मग तिची नजर माझ्याकडे गेली, मग धर्माच्या तोंडाकडे. तिला सांगावं लागलं नाही. धर्माने मला उचलून तिच्यासमोर धरलं. करकरणाऱ्या पट्टीतून अजून पिवळे कण गळत होते.

"जिजे," तो म्हणाला, "तू याला धुतलंस, बरं केलंस."

जिजाने पदराला हात पुसले आणि आधी कल्पेशला दूध ओतून दिलं. भाऊबंदकीच्या गोष्टी तिने काढल्या नाहीत. दूध उतू गेलं थोडं, तळाला लागलंय, सांभाळून प्या, एवढंच म्हणाली. त्या रात्री भरती आली, वर्षातली मोठी भरती, आणि बांध टिकला. आठवड्याने कापणी झाली. कापणीला कल्पेशचा टेंपो होता.

कापणी व्हायच्या आधीच, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, तिघे वसईला आले. धर्माने परवाना आणि मला नथू हवालदाराच्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, परत नको. नथू हवालदाराने मला खोलायला बराच वेळ खटपट केली. अडकलेलं काडतूस सांभाळून काढलं. मग मला उघडलं, आणि टेबलावर राख, हळद, कुंकू, पिवळी-गुलाबी रांगोळी आणि एक तांदळाचा दाणा पडला. तो कधी माझ्याकडे, कधी त्या तिघांकडे बघत राहिला.

"हे पिस्तूल आहे की कुंकवाचा करंडा?"

"घरी आलेला पाव्हना," जिजा म्हणाली, "कुंकू लावल्याशिवाय ठेवायचा कसा?"

तेव्हापासून मी इथे आहे. नथू हवालदार निवृत्त होऊन गेला. नव्या सायबांनी परवा कपाट उघडून सांगितलं, की माझ्यासारखी मालक नसलेली जुनी हत्यारं आता वितळवायची आहेत. तलवारीने ते ऐकून रडायला सुरुवात केली. मला मात्र हायसं वाटलं. आता मी पुन्हा कोणाच्या खिशात जाणार नाही. कोणाचं काळीज माझ्यावर धडधडणार नाही. चांगली पिस्तुलं वेळेला चालतात म्हणून त्यांची वाहवा होते. मी वेळेला चाललो नाही, आणि त्याचाच मला आनंद आहे. जिजाने मागितलेलं मी दिलं.

जाण्याआधी तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, मित्रांनो. माझ्यासारखं काही तुम्हाला घरात, कपाटात, कुठे सापडलं तर हात लावू नका, लगेच मोठ्या माणसाला सांगा. प्रत्येक पिस्तुलात रांगोळी नसते. आणि दुसरं, कोणी हाक मारली तर ओ द्या. रागावला असाल, रुसला असाल, कट्टी असेल, तरी आधी ओ द्या, मग खुशाल भांडा.

माझ्यात लोखंड असून असून किती असणार? वितळवलं तर दोन-चार खिळे होतील. झाले तर बरं. आणि त्यातला एखादा फिरत फिरत जूचंद्रला गेला, उघाडीच्या फळीत बसला, तर काय हवं? ओहोटीला दार उघडेल, भरतीला मिटेल, खाडी बाहेर राहील. मी तिथे घट्ट धरून बसेन, आणि बांधावरून दोन भाऊ एकमेकांना हाका मारत जातील, ते ऐकत राहीन.